साक्षीत न सांगितलेल्या गोळ्या

आमच्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीची सुरुवात माझ्या खोकल्यापासून झाली. हे मी माझ्या मनानं म्हणत नाही. मंडळीच्या दर वर्धापनदिनाला हेच सांगितलं जातं, फक्त जरा सजवून.

आमचं गाव दिंद्रुडपासून पाच-सहा किलोमीटर आत. वडील ग्रामपंचायतीच्या नळांना पाणी सोडायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, त्यामुळे घरात बुद्धाची एक तसबीर होती आणि बाकी देवधर्म असा काही नव्हता. नववीत असताना मला खोकला लागला. आधी आईनं हळद-दूध दिलं, मग ओव्याची पुरचुंडी छातीला शेकली. दोन महिन्यांत माझे हात काटकुळे झाले. एके दिवशी शाळेत रुमालात रक्त आलं. मग वडिलांनी कुणाची तरी मोटारसायकल मागून आणली, मला मध्ये बसवलं, मागं आईला बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं बेडका तपासला. क्षय निघाला.

डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. दोन महिन्यांनी पोरगी ठणठणीत दिसायला लागेल, तेव्हाच लोक फसतात. तेव्हा तर अजिबात थांबायचं नाही. वडिलांनी हे शब्द शाळेतल्या कवितेसारखे पाठ केले. सकाळी पाण्याची टाकी भरायला जाण्याआधी ते माझ्या उशाशी उकिडवे बसायचे, गोळ्या तळहातावर ओतायचे आणि मी गिळेपर्यंत उठायचे नाहीत. मला मळमळायचं. लघवी लाल व्हायची, ते बघून आई घाबरली, तेव्हा त्यांनीच तिला समजावलं, "रगत न्हाई ते. गोळ्यांचा रंग हाय."

त्याच आठवड्यात आईला दिंद्रुडच्या बाजारात पास्टर भेटले. तेव्हा ते पास्टर नव्हते, माजलगावकडून जुन्या मोपेडवर येऊन बाजारात पत्रकं वाटणारे एक मध्यमवयीन गृहस्थ होते. आई त्यांच्यापुढं रडली. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले.

त्या दिवसाबद्दल मला आजही वाईट बोलता येत नाही. माझा आजार कळल्यापासून नातेवाइकांनी येणं टाकलं होतं. जे यायचे ते दारातून विचारपूस करून निघायचे. चुलतीनं माझा पेला वेगळा ठेवायला सांगितलं होतं. हा परका माणूस आत आला, माझ्या गोधडीवर बसला, माझ्याच पेल्यातलं पाणी प्याला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करता करता खरोखर रडला. आईनं ते पाहिलं. मला वाटतं, आई त्याच क्षणी त्यांची झाली, मी बरी होण्याच्या कितीतरी आधी.

तीन आठवड्यांत ताप उतरला. खोकला कमी झाला. आई सगळ्या गल्लीत सांगत सुटली, प्रभूनं केलं. वडील रोज सकाळी गोळ्या देत राहिले.

आमच्या ओसरीवर पहिली उपासना झाली तेव्हा सहा बायका होत्या. पास्टर म्हणाले, "बेटा, तुझ्यासोबत जे घडलं ते तुझ्या तोंडानं सांग. त्याला साक्ष म्हणतात." मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी आजारी होते. पास्टरनी प्रार्थना केली. मी बरी झाले."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण त्याच सकाळी सात वाजता मी गोळ्या गिळल्या होत्या, आणि अजून तीन महिने गिळायच्या होत्या.

वडील बाहेर सायकलचं चाक दुरुस्त करत होते. बायका गेल्यावर ते आत आले आणि आईला म्हणाले, "आन माझ्या गोळ्या कुठं गेल्या?"

आई म्हणाली, "गोळ्या समद्यालाच देतेत. समदे बरे हुतेत का?"

वडील सायकलकडं परत गेले. त्यानंतर दर रविवारी ते उपासनेच्या वेळी घराबाहेर पडायचे आणि विहाराच्या पायरीवर जाऊन बसायचे.

सहाच्या वीस झाल्या, वीसच्या चाळीस. ओसरी पुरेना म्हणून अंगणात ताडपत्री टाकली. आमच्या वस्तीतले आले, मग माळावरच्या धनगर वस्तीतली चार घरं आली. हे लहानसहान नव्हतं. त्या घरांतल्या बायका एरवी आमच्या दारात पाणी मागायच्या नाहीत. आता त्याच ताडपत्रीवर मांडीला मांडी लावून बसायच्या आणि आमच्या कपबशीतला चहा प्यायच्या. माझी आई, जी चार पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर सावरण्यापलीकडं काही करायची नाही, ती डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायला लागली आणि पुरुष तिच्यामागून आमेन म्हणायला लागले. मंडळीनं आम्हाला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगते. यावर माझा राग नाही. राग दुसऱ्या गोष्टींवर आहे.

पास्टर मला आणि आईला दुसऱ्या गावांना न्यायला लागले. कधी वडवणीकडं, कधी पार उमापूरपर्यंत, कुणाच्या तरी जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसून. प्रत्येक गावात माझी साक्ष. एकदा माझ्या आधी बोलताना पास्टर म्हणाले, "या मुलीसमोर डॉक्टरांनी हात टेकले होते." मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. ते डोळे मिटून बोलत होते, आणि मला वाटतं त्या वेळी त्यांना ते खरंच वाटत होतं. पुढच्या गावात ते वाक्य मी स्वतः बोलले. मग त्यात "घरच्यांनी आशा सोडली होती" हे आलं. ज्या बापानं मला मोटारसायकलवर मध्ये धरून नेलं, त्याच्याबद्दल मी माइकवर सांगायचे की त्यानं आशा सोडली होती.

आणि मला ते आवडायचं. हे लपवण्यात अर्थ नाही. गल्लीतली एक किडकिडीत पोरगी माइकसमोर उभी राहायची आणि म्हातारी माणसं हात वर करून रडायची. वर्गात मला कुणी विचारत नव्हतं. इथं मी आल्यावर लोक सरकून जागा द्यायचे.

एका निवृत्त शिक्षकांनी गावाबाहेरचा जमिनीचा तुकडा मंडळीला दिला आणि त्यावर पत्र्याचं शेड उभं राहिलं. धरणाच्या पाण्यात आईचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतर माझा. वडील आले नाहीत. त्या दिवशी आम्ही ओल्या केसांनी घरी आलो तेव्हा त्यांनी पिठलं करून ठेवलं होतं. "जेवा," एवढंच म्हणाले.

मी अठरा वर्षांची असताना मावशी मंडळीत आली. सख्खी मावशी नव्हे. धनगर वस्तीवरची एक बाई, पस्तिशीची असेल. नवऱ्याची मेंढरं होती. तिला क्षय निघाला होता आणि त्याच सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. कुणीतरी तिला माझ्याबद्दल सांगितलं होतं, म्हणून ती आली आणि पहिल्या दिवसापासून माझ्याच शेजारी बसायला लागली. ती हसरी होती. पास्टर बायबलातली मेंढरांची गोष्ट सांगायला लागले की माझ्या कानात पुटपुटायची, "ह्यान्ला मेंढरातलं काय बी कळत न्हाई. हरवलेलं एक हुडकाया नव्याण्णव कोण सोडून जातंय? लांडगं हायती की." मला हसू आवरायचं नाही. मंडळीत मनापासून हसवणारी ती एकटीच होती.

एका रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही शेडमागच्या हापशावर उभ्या होतो. आई दोन पावलांवर घागर भरत होती. मावशीनं माझा हात धरला.

"बाई, मला खरं सांग. तू गोळ्या खाल्ल्या हुत्यास का?"

मी आईकडं पाहिलं. आईनं हापशाचा दांडा थांबवला होता.

"खाल्ल्या की थोड्या," मी म्हणाले. "पण बरं केलं ते प्रभूनंच."

मावशी माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिचा चेहरा एकदम खुलला. "माझ्याबी झाल्या की मग थोड्या," ती म्हणाली. आई पुन्हा दांडा हलवायला लागली.

थोड्या. सहा महिने रोज सकाळी गिळलेल्या गोळ्यांना मी थोड्या म्हणाले. मला तेव्हा कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही. डॉक्टरांचे ते शब्द वडिलांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले होते की झोपेतही म्हणून दाखवले असते. मला कळत होतं. फक्त ते बोललं तर माझ्या साक्षीचं काय होईल, हे त्याहून जास्त कळत होतं.

मावशीचे गोळ्यांचे दोन महिने तेव्हा होत आले होते. तिला भूक लागायला लागली होती, गालावर मांस आलं होतं. महिनाभरानं तिनं शेडमध्ये उभं राहून स्वतःची साक्ष दिली. "मी गोळ्या सोडल्या आन प्रभूला धरलं," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पास्टरांनी मात्र त्या वेळी एकदा खाली पाहिलं आणि मग हालेलुया म्हटलं. ते मी पाहिलं होतं.

दिवाळीच्या आसपास ती पुन्हा खोकायला लागली. पण आता तिनं साक्ष दिली होती. ती मागं, दाराजवळ बसायला लागली, तोंडावर पदर घट्ट दाबून. मी विचारलं तर म्हणाली, "सर्दी हाय गं." एकदा म्हणाली, "माझाच इस्वास कमी पडला का काय, कुणास ठावं." मी म्हणाले, "दवाखान्यात जा की." ती म्हणाली, "आन तितं काय सांगू? कावून सोडल्या म्हणू?"

नवऱ्यानं तिला बीडला नेलं तेव्हा उशीर झाला होता. जुन्या गोळ्या आता लागू पडत नव्हत्या. थंडी सरायच्या आत ती गेली. तिच्या दिरांनी आपल्या रीतीनं तिचं सगळं केलं आणि मंडळीतल्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पुढच्या रविवारी पास्टर म्हणाले, प्रभूनं आपल्या लेकीला आपल्याकडं बोलावून घेतलं. ते बोलताना ते रडले. ते रडणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

मी तिच्या घरी बसायला गेले. मला कुणी हाकललं नाही. मी पोरगी होते. तिच्या सासूनं आढ्याला खोचलेली एक कापडी पिशवी काढली आणि माझ्यासमोर उपडी केली. गोळ्यांची पाकिटं होती, न फोडलेली. ती पाकिटं मी ओळखत होते.

"तुला वाचाया येतंय. हे कशाचं हाय, बघ बरं."

"औषध हाय," मी म्हणाले.

"मग खाल्लं न्हाई का तिनं?"

मी मान खाली घालून बसले. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पाकिटं एकेक करून पुन्हा पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी मी पास्टरांकडं गेले. म्हटलं, मी पूर्ण सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या, हे आता मंडळीत सांगायला हवं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. शांतपणे विचारलं, "त्या गोळीत बरं करायची ताकद कोण घालतो?"

"देव घालत असेल. मग तसंच सांगू की. गोळ्या खा आणि प्रार्थना करा."

"सांगू. पण आत्ता नको. लोक विश्वासात नवीन आहेत. एका वाक्यानं मोडतील." थोडं थांबून ते म्हणाले, "मी कुणालाच गोळ्या सोड म्हटलं नाही, बेटा."

"मीही नाही म्हटलं," मी म्हणाले.

आम्ही दोघं खरंच बोलत होतो. त्या खोलीत बसवत नव्हतं, म्हणून मी उठले.

वर्षभर मी साक्ष दिली नाही. अभ्यासाचं कारण सांगायचे. दरम्यान शेडच्या जागी विटांचा हॉल झाला, वर क्रूस आला, आत पंखे आणि निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. वर्धापनदिनाला तालुक्यातून लोक आले. पास्टरांनी मंडळी कशी सुरू झाली ते सांगितलं आणि माझं नाव घेऊन मला पुढं बोलावलं. बहुतेक त्यांना वाटलं असेल, वर्ष झालं, पोरगी निवळली.

मी माइक घेतला. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला नवल वाटलं. मी म्हणाले, "मला क्षय होता. माझ्या वडिलांनी मला दवाखान्यात नेलं. मी सहा महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या खाल्ल्या. कुठल्याच डॉक्टरनं हात टेकले नव्हते. ते मी खोटं बोलत होते. आपल्यातल्या एका बाईनं मला विचारलं होतं, आणि मी तिला..."

इथं गाणं सुरू झालं.

पास्टर जागचे हलले नव्हते. ढोलकीवाला माझ्याकडं बघत होता. दुसऱ्या रांगेत माझी आई उभी राहिली होती, डोळे मिटून, मान वर करून, फाटक्या आवाजात. तिनं एकटीनं पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला शेजारच्या बायका उठल्या, तिसऱ्या ओळीला ढोलकी लागली, आणि मग अख्खा हॉल उभा होता. मी माइकमध्ये बोलत राहिले, पण मलाच माझं ऐकू येत नव्हतं. शेवटी मी माइक खुर्चीवर ठेवला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "ज्यानं तुला जित्ती ठिवली त्याला खोटं पाडलंस."

"मी त्याला नाही खोटं पाडलं, आई. मला पाडलं."

"ती बाई मेली ती तिच्या नशिबानं. तू जगलीस ती माझ्या उपासतापासानं." एवढं बोलून ती चुलीकडं वळली.

वडील दारात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आज तरी ते माझ्या बाजूनं काही बोलतील. ते म्हणाले, "लई उशीर केलास."

पुढं काय झालं? काहीच झालं नाही. कुणी मंडळी सोडली नाही. काही जण म्हणाले, पोरीवर सैतानानं घाला घातला. काही म्हणाले, शिकून डोकं फिरलं. पास्टर घरी येऊन माझ्यासाठी प्रार्थना करून गेले. चार-पाच रविवार त्यांनी उपदेशात सांगितलं म्हणे, की डॉक्टरांचं औषधही घेत जा. मग ते वाक्य मागं पडलं. माझी साक्ष मात्र बंद झाली नाही. आता ती आई देते. त्यात डॉक्टरांनी हात टेकलेले असतात आणि बापानं आशा सोडलेली असते.

माझं लग्न आष्टीत झालं. नवरा शाळेत शिपाई आहे, मी घरी शिवणकाम करते. लग्नानंतर पाच वर्षांनी वडील गेले. अखेरपर्यंत ते रविवारी विहाराच्या पायरीवर बसायचे. मी कुठल्याच उपासनेला जात नाही. कधी प्रार्थना करावीशी वाटते, पण तोंड उघडलं की माइकवरचा माझा आवाज ऐकू येतो, आणि मी गप्प होते.

दोन वर्षांपूर्वी आष्टीबाहेरच्या एका रानात मेंढरं बसवलेली दिसली. मी ब्लाउज पोचते करायला चालले होते. बांधावर बसलेला माणूस मी लांबूनच ओळखला. मावशीचा नवरा. फार थकला होता. मी जवळ जाऊन ओळख दिली. त्यानं घोंगडीचा कोपरा पसरून बसायला जागा केली, मेंढरांचं, पावसापाण्याचं बोलला. मग मला राहवलं नाही. हापशावर काय झालं होतं ते मी त्याला सगळं सांगितलं. थोड्या हा शब्दसुद्धा सांगितला.

त्यानं मेंढरांवर एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "गोळ्या मीच आणून द्यायचो. ती खात न्हाई, ते मला ठावं हुतं."

"मग तुमी बोलला कावून न्हाई, काका?"

"मला वाटलं, शिकलेली पोरगी सांगती, तर असंल खरं." त्यानं काठी उचलली. "तू तवा सरळ सांगितलं असतंस तर तिनं खाल्ल्या असत्या. माझं न्हाई ऐकायची ती. तुझं ऐकायची."

"काका, माझं चुकलं."

"हां. चुकलं," तो म्हणाला. एक मेंढी बांध ओलांडून ज्वारीत शिरत होती. तो उठून तिच्यामागं गेला. मी थोडा वेळ थांबले. तो परत आला नाही. कळपाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी पिशवी उचलली आणि रस्त्याला लागले.

आईचा फोन दर रविवारी दुपारी येतो. ती मला आजही उपासनेला ये म्हणत नाही, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही. ती सांगते, आज हॉल भरून लोक बाहेर मांडवात बसले, आणखी एका गावात मंडळी सुरू झाली, तिथं तिला पुढं बोलायला उभं केलं. तिचा आवाज आनंदानं भरलेला असतो. मी हं म्हणते, तिला गुडघ्यांचं विचारते, आणि शिलाई मशीन पुन्हा चालू करते.